अंगणात शाळा नेणाऱ्या ताराबाई

दसरा उलटला की बीड जिल्ह्यातील वाड्यावस्त्या रिकाम्या होऊ लागतात. मुकादमाकडून उचल घेतलेली जोडपी भांडीकुंडी, धान्याची पोती, शेळ्या-कोंबड्या ट्रकमध्ये भरतात आणि पश्चिम महाराष्ट्रातील किंवा कर्नाटकातील साखर कारखान्यांची वाट धरतात. दिवाळीच्या आगेमागे सुरू झालेला गाळप हंगाम संपून ही माणसे परततात तेव्हा उन्हाळा लागलेला असतो. शाळेचे अर्धे वर्ष या काळात सरून जाते. तोपर्यंत मुलांचे काय करायचे, हा प्रश्न दरवर्षी घरोघरी नव्याने उभा राहतो. सोबत न्यावे तर शाळा सुटते, मागे ठेवावे तर आईबाप दुरावतात. थकलेल्या आजी-आजोबांच्या किंवा वसतिगृहाच्या भरवशावर लेकरू सोडून जाणाऱ्या आईला यातले काहीच मनापासून पटलेले नसते.

शिकायचे असेल तर मुलाने घर सोडलेच पाहिजे का, हा त्या प्रश्नाचा गाभा. बीडच्या ऊसतोड कामगारांपुढे तो उभा राहण्याच्या कितीतरी आधी डहाणू तालुक्याच्या किनारपट्टीवर एका विदुषीने त्याच्याशी आयुष्याची अखेरची जवळजवळ तीन दशके झुंज दिली. तिने दिलेल्या उत्तरातील एक शब्द आज देशाच्या गावागावांत बोलला जातो. तो शब्द म्हणजे अंगणवाडी आणि त्या विदुषीचे नाव ताराबाई मोडक.

सुधारकी घरातील मुलगी

ताराबाईंचा जन्म १९ एप्रिल १८९२ रोजी मुंबईत झाला. माहेरचे आडनाव केळकर. वडील सदाशिवराव केळकर हे प्रार्थना समाजाचे कार्यकर्ते. मुलीने शिकावे, स्वतंत्र विचार करावा, हे त्या घरात वेगळे सांगावे लागत नव्हते. बहुसंख्य घरांत मुलींच्या हाती पाटीही पडत नव्हती त्या काळात ताराबाई मुंबई विद्यापीठाची पदवी घेऊन बाहेर पडल्या. ते वर्ष होते १९१४.

पुढच्याच वर्षी अमरावतीचे वकील कृष्णराव मोडक यांच्याशी त्यांचा विवाह झाला. संसार मात्र सुखाचा ठरला नाही. १९२१ मध्ये त्या पतीपासून विभक्त झाल्या. पदरी लहान मुलगी होती. पतीपासून वेगळ्या राहणाऱ्या स्त्रीकडे समाज कोणत्या नजरेने पाहत असे, हे वेगळे सांगायला नको. ताराबाईंनी सहानुभूतीची वाट पाहिली नाही. राजकोटच्या बार्टन फीमेल ट्रेनिंग कॉलेजचे प्राचार्यपद त्यांनी स्वीकारले. शिक्षिका घडवणाऱ्या त्या संस्थेच्या प्रमुखपदी भारतीय स्त्री येणे ही तेव्हा लहान गोष्ट नव्हती.

प्रतिष्ठा होती, पगार होता, स्थैर्य होते. तरीही त्यांचे मन तेथे रमले नाही. मोठ्या मुलींना शिकवावे कसे हे शिकवत असताना त्यांच्या लक्षात येऊ लागले होते, की शिक्षणाची खरी पायाभरणी फार आधी, मूल बोलू-चालू लागते तेव्हाच होत असते. त्याच सुमारास सौराष्ट्रातील भावनगरमध्ये सुरू असलेल्या एका प्रयोगाने त्यांचे लक्ष वेधले.

भावनगरची दीक्षा

भावनगरची दक्षिणामूर्ती ही संस्था १९१० मध्ये नानाभाई भट्ट यांनी विद्यार्थ्यांच्या वसतिगृहाच्या रूपाने सुरू केली होती. वकिली सोडून तेथे आलेल्या गिजुभाई बधेका यांनी १९२० मध्ये बालमंदिर काढले. मादाम माँटेसरी यांच्या विचारांचा गिजुभाईंवर प्रभाव होता. मुलाला मारू नये, धाक दाखवू नये, त्याच्या हातांना काम आणि मनाला मोकळीक द्यावी, हे त्या बालमंदिराचे सूत्र. छडीवाचून विद्या येत नाही असे मानणाऱ्या समाजात हा विचार बंडखोरीसारखाच होता.

ताराबाई १९२३ मध्ये प्राचार्यपद सोडून भावनगरला आल्या आणि गिजुभाईंच्या सहकारी झाल्या. मुलांचे निरीक्षण करणे, त्याची नोंद ठेवणे, नोंदींवरून आपली पद्धत बदलणे ही शिस्त त्यांनी तेथे अंगी बाणवली. १९२६ मध्ये या दोघांच्या पुढाकाराने बालशिक्षणाच्या प्रसारासाठी संघ उभा राहिला. तोच पुढे नूतन बाल शिक्षण संघ म्हणून ओळखला गेला. ‘शिक्षणपत्रिका’ या मासिकातून आणि पुस्तकांतून ताराबाईंनी हा विचार पालकांपर्यंत नेला. ‘बालकांचा हट्ट’, ‘बालविकास व शिस्त’ ही त्यांच्या पुस्तकांची नावेच त्यांचा वाचक कोण होता ते सांगतात. घराघरांतील आई-वडिलांशी त्या बोलत होत्या.

पुढे मुंबईत येऊन त्यांनी १९३६ मध्ये दादरला शिशुविहार सुरू केले. बालशिक्षिका तयार करणारे अध्यापन मंदिरही तेथे चालू लागले. दादरच्या सुशिक्षित मध्यमवर्गाने या संस्थेला उचलून धरले. ताराबाईंचे नाव झाले. १९३९ मध्ये गिजुभाईंचे निधन झाले आणि संघाच्या कामाचा मोठा भार ताराबाईंवर आला.

येथेच थांबल्या असत्या तरी मराठी बालशिक्षणाच्या इतिहासात त्यांचे नाव राहिले असते. पण त्यांच्या मनाला एक बोच लागून राहिली होती. माँटेसरी पद्धतीची साधने महाग. ती घेऊ शकणारी शाळा शहरातली, आणि त्या शाळेची फी भरू शकणारा पालकही शहरातलाच. स्वतः माँटेसरी यांनी रोममध्ये गरिबांच्या वस्तीत सुरू केलेले काम भारतात मात्र सुखवस्तू घरांपुरते उरते की काय, अशी ही बोच होती. गांधीजींच्या नई तालीमच्या विचाराने खेड्याकडे वळण्याची दिशा दाखवली होती. वयाची पन्नाशी ओलांडलेल्या ताराबाईंनी ती दिशा धरली.

बोर्डीचा समुद्र आणि वारल्यांचे पाडे

१९४५ मध्ये तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातील बोर्डी या गावी ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू झाले. हा भाग आता पालघर जिल्ह्यात मोडतो. चिकूच्या वाड्या, समुद्रकिनारा, शिक्षणाची जुनी परंपरा यांमुळे बोर्डीचे नाव होते. आचार्य भिसे यांच्यासारखे शिक्षक तेथे होते. पण गावापासून थोडे आत गेले की वेगळेच जग लागे. वारली आदिवासींचे पाडे जमीनदार आणि सावकारांच्या पाशात होते. लग्नासाठी घेतलेले कर्ज फेडता फेडता अख्खे कुटुंब मालकाच्या दारी राबे. अशा माणसाला लग्नगडी म्हणत. त्याच वर्षी मे महिन्यात तलासरीजवळच्या झरी गावात हजारो वारली जमले आणि वेठबिगारीविरुद्धचा लढा पेटला. शामराव आणि गोदावरी परुळेकर त्या लढ्याचे नेतृत्व करीत होते.

एका बाजूला हा संघर्ष आणि दुसऱ्या बाजूला ताराबाईंची बालवाडी, अशी दोन कामे एकाच प्रदेशात, एकाच वर्षी सुरू झाली. त्यांचे मार्ग वेगळे होते. पण माणूस म्हणून ज्यांना कोणी मोजत नव्हते त्यांच्याकडे दोन्हींचे लक्ष गेले, हे साम्य विसरता येणार नाही.

याच सुमारास ताराबाईंना अनुताई वाघ ही सहकारी मिळाली. पुणे जिल्ह्यातील मोरगावच्या अनुताई बालपणीच विधवा झालेल्या, जिद्दीने शिकून शिक्षिका झालेल्या. ताराबाईंपेक्षा त्या अठरा वर्षांनी लहान. पुढची सगळी वर्षे हे दोन जीव एका कामाला जुंपले गेले.

मूल शाळेत का येत नाही?

बोर्डीत बालवाडी उघडली तेव्हा गावातील मुले आली. दलित वस्तीतील आणि पाड्यांवरील मुले आली नाहीत. कार्यकर्त्या त्यांना बोलवायला गेल्या, हाताला धरून घेऊन आल्या, त्यांना आंघोळ घातली, केस विंचरले. दुसऱ्या दिवशी मुले पुन्हा गायब.

अशा वेळी शिक्षणखाते आणि सुशिक्षित समाज एक ठरलेले कारण सांगत असे. आदिवासींना शिक्षणाची आवड नाही, पालक अडाणी आहेत. ताराबाईंनी हे कारण मानले नाही. भावनगरला लागलेली निरीक्षणाची सवय येथे कामाला आली. मूल येत नाही यात दोष मुलाचा नसून शाळेचा असू शकतो, असे धरून त्यांनी शोध सुरू केला. हा शोध कागदावरच्या प्रश्नावलीचा नव्हता. पाड्यावर जायचे, झोपडीच्या ओट्यावर बसायचे, बायांशी बोलायचे, मूल दिवसभर काय करते ते पाहायचे.

पाहिल्यावर चित्र स्पष्ट झाले. सहा-सात वर्षांची मुलगी शाळेत येत नाही, कारण तिच्या कडेवर धाकटे भावंड आहे आणि आई मजुरीला गेली आहे. आठ-नऊ वर्षांचा मुलगा येत नाही, कारण तो गुरे घेऊन कुरणात गेला आहे. लावणीच्या आणि गवतकापणीच्या दिवसांत तर अख्खा पाडाच ओस पडतो. शाळेची घंटा, शाळेचा वेळ, शाळेची भाषा यांचा त्या जगण्याशी मेळ नव्हता. गावच्या चौकात येताना पाड्यावरचे मूल बुजते, तेथील माणसे त्याला परकी वाटतात, हेही कळले.

मग उपाय निघाला तो साधाच होता. मूल बालवाडीत येत नसेल तर बालवाडीने मुलाच्या अंगणात जावे. शिक्षिका वस्तीवर जाऊ लागल्या. एखाद्या झोपडीपुढचे सारवलेले अंगण हीच शाळा झाली. आया काम करता करता पाहत, आजी दाराशी बसून ऐके. समुद्रावरचे शिंपले, चिंचोके, पाने, फुले, गोटे, माती ही साधने झाली. महागड्या लाकडी ठोकळ्यांनी जे साधायचे ते रानातल्या बियांनी साधले. अंगणात भरणारी बालवाडी म्हणून तिचे नाव अंगणवाडी पडले.

गुराख्यांसाठी कुरणशाळा निघाली. मुले जिथे गुरे चारतात तिथे शिक्षक जाई. झाडाच्या सावलीत अक्षरे गिरवली जात, गुरांच्या मोजणीतून अंक शिकवले जात. तिसरा प्रयोग विकासवाडीचा. पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच आवारात. कडेवरचे भावंड पाळणाघरात ठेवून मोठी बहीण शेजारच्या वर्गात बसू लागली. ज्या कारणाने मुलगी घरी राहत होती ते कारणच शाळेने आपल्या अंगावर घेतले. दिवसभर राबणाऱ्यांसाठी रात्रीचे वर्गही चालले.

१९५७ मध्ये हे काम बोर्डीहून जवळच्याच कोसबाडच्या टेकडीवर गेले, कारण तेथून पाडे अधिक जवळ होते. ताराबाईंचे वय तेव्हा पासष्ट होते. भारत सरकारने १९६२ मध्ये त्यांना पद्मभूषण दिले. त्यानंतरही त्या काम करीत राहिल्या. ३१ ऑगस्ट १९७३ रोजी त्यांचे निधन झाले.

घरापासून तोडणाऱ्या शाळा

ताराबाईंच्या या शोधाचे मोल समजण्यासाठी जगात त्याच काळात दुसरीकडे काय चालले होते ते पाहावे लागते. कॅनडामध्ये मूलनिवासी समाजांच्या मुलांना घरातून नेऊन निवासी शाळांत ठेवले जात होते. सरकार पैसा पुरवी आणि चर्च या शाळा चालवीत. मातृभाषा बोलल्याबद्दल मुलांना शिक्षा होत असे. एकोणिसाव्या शतकात रुजलेली ही व्यवस्था १९९० च्या दशकापर्यंत टिकली आणि सुमारे दीड लाख मुले तीतून गेली. हजारो मुले घरी परतलीच नाहीत. कॅनडाच्या पंतप्रधानांनी २००८ मध्ये संसदेत माफी मागितली. त्यानंतर सत्यशोधन व समेट आयोगाने देशभर फिरून या शाळांत राहिलेल्या हजारो लोकांच्या कहाण्या ऐकल्या आणि २०१५ मध्ये अहवाल दिला. शाळांच्या दप्तरात जे नव्हते ते त्या माणसांच्या आठवणींत होते. इतिहास लिहायचा तर ज्यांनी सोसले त्यांच्या दारी जाऊन बसावे लागते, हे त्या आयोगाने जगाला दाखवले.

महाराष्ट्रातील आश्रमशाळांची गोष्ट वेगळी आहे. मूळ संस्कृती पुसून टाकण्याच्या हेतूने त्या निघालेल्या नाहीत. ठक्करबाप्पांसारख्या सेवाभावी माणसांनी १९२० च्या दशकात भिल्लांच्या मुलांसाठी आश्रम काढले ते कळवळ्यापोटी. स्वातंत्र्यानंतर, विशेषतः १९७० च्या दशकापासून, राज्य सरकारने आदिवासी भागांत शासकीय आणि अनुदानित आश्रमशाळांचे जाळे विणले. हजारो मुलांना अन्न, वस्त्र आणि अक्षर मिळाले ते याच शाळांमुळे. अनेक घरांतील पहिला पदवीधर आश्रमशाळेतूनच बाहेर पडला. हे श्रेय नाकारणे अन्यायाचे होईल.

पण हेतू चांगला असला म्हणजे घरापासून तुटलेले मूल सुरक्षित असते असे नाही. आश्रमशाळांतील मृत्यूंची चौकशी करणाऱ्या डॉ. सुभाष साळुंके समितीने २०१६ मध्ये जे समोर आणले ते अस्वस्थ करणारे होते. सर्पदंश, ताप, वेळेवर न मिळालेले उपचार अशा टाळता येण्याजोग्या कारणांनी आधीच्या दीड दशकात शेकडो मुले दगावली होती. घरी आई असती तर ताप तिच्या हाताला रात्रीच कळला असता. कपाळावर हात ठेवणारे माणूस जवळ नसणे ही उणीव कोणत्याही अनुदानाने भरून निघत नाही.

नाव राहिले, मर्म?

ताराबाईंच्या मृत्यूनंतर दोन वर्षांनी, २ ऑक्टोबर १९७५ रोजी, केंद्र सरकारने एकात्मिक बाल विकास सेवा योजना सुरू केली. तिच्या केंद्रांना अंगणवाडी हे नाव मिळाले. मराठी वस्तीत जन्मलेला शब्द भारतभर गेला. आज देशात तेरा लाखांहून अधिक अंगणवाड्या आहेत. पोषण आहार, लसीकरण, गर्भवतींची नोंद ही मोलाची कामे त्या करतात. मात्र मुलाच्या जगण्याकडे पाहून शाळेचा वेळ, जागा आणि रीत बदलायची, हे ताराबाईंचे मर्म सरकारी योजनेत मागे पडले. केंद्राला इमारत आली, नमुने आणि नोंदवह्या आल्या, आणि अनेक ठिकाणी अंगण केवळ नावापुरते राहिले.

कोसबाडचे काम अनुताईंनी नेटाने पुढे नेले. १९८५ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली आणि १९९२ मध्ये त्यांचेही निधन झाले. त्या प्रयोगालाही मर्यादा होत्या. तो काही समर्पित माणसांच्या खांद्यावर उभा होता, आणि समर्पण शासन निर्णय काढून वाटता येत नाही. शिक्षिका अंगणात आली म्हणून पाड्यावरची गरिबी हटली नाही, शिकलेल्या मुलाला मजुरीपासून सुटका मिळेलच याची खात्री नव्हती. ताराबाईंनाही याची जाणीव असल्याशिवाय त्या पाळणाघरापासून रात्रीच्या वर्गांपर्यंत नवनव्या वाटा शोधत राहिल्या नसत्या.

बीडच्या मुलांसाठी

बीड जिल्ह्यात ताराबाईंनी काम केले नाही. पण त्यांचा प्रश्न तेथे आजही जिवंत आहे, आणि तो अधिक अवघड रूपात आहे. वारल्यांचे अंगण निदान जागेवर होते. ऊसतोड कामगाराचे अंगण कारखान्याच्या हंगामाबरोबर शेकडो किलोमीटर सरकते.

त्या सरकत्या अंगणामागे शाळा नेण्याचा प्रयत्न महाराष्ट्रात झाला आहे. कारखान्यांच्या परिसरात, कामगारांच्या कोप्यांजवळ साखरशाळा चालल्या. नाव वेगळे असले तरी कूळ कुरणशाळेचेच होते. पुढे हा प्रयत्न मागे पडला आणि मुलाला गावातच ठेवण्यावर भर आला. त्यासाठी हंगामी वसतिगृहे निघाली. २०२१ मध्ये राज्य सरकारने संत भगवानबाबांच्या नावाने ऊसतोड कामगारांच्या मुलामुलींसाठी ८२ वसतिगृहांची योजना मंजूर केली. भगवानबाबा बीडच्याच मातीतले. आईबापांनी फडात घाम गाळला तरी लेकराच्या हाती कोयता येऊ नये, ही या योजनेमागची इच्छा चुकीची म्हणता येणार नाही. फडात गेलेले मूल पहाटेच्या थंडीत उसाचे वाढे गोळा करते, धाकट्याला सांभाळते आणि एक दिवस आईबापांच्या जोडीला उभे राहते, हे बीडला चांगले ठाऊक आहे.

म्हणूनच वसतिगृह की साखरशाळा, याचे एकच उत्तर सगळ्यांना लागू पडेल असे नाही. बारा वर्षांच्या मुलीला जे वसतिगृह आधार देईल तेच पाच वर्षांच्या मुलाला पोरके करू शकते. ज्या घरी धडधाकट आजी आहे त्या घराची गरज वेगळी, ज्या घराला कुलूप लागते त्याची वेगळी. हे मंत्रालयात बसून ठरत नाही. त्यासाठी कोणाला तरी वस्तीवर जावे लागते, ट्रक निघण्याआधी आईशी बोलावे लागते, आणि हंगाम संपून आल्यावर मुलालाही विचारावे लागते.

ताराबाईंनी नेमके हेच केले होते. विद्यापीठाची पदवी, प्राचार्यपद, दादरची नामांकित संस्था हे सारे गाठीशी असताना त्या वारली बाईच्या ओट्यावर जाऊन बसल्या आणि तिचे मूल शाळेत का येत नाही ते तिच्याकडूनच समजून घेतले. अंगणवाडी, कुरणशाळा, विकासवाडी ही त्या ऐकण्याची फळे होती. यंदाही दसऱ्यानंतर शिरूर कासार, पाटोदा, धारूर, वडवणीच्या वस्त्यांवर ट्रक येऊन उभे राहतील. सामान भरून झाले की शेवटी मुलाचा हात धरायचा की सोडायचा, एवढेच ठरवायचे उरेल. तो निर्णय घेणाऱ्या आईचे म्हणणे कोणी आधी ऐकून घेतले असेल, तर ताराबाईंचे काम कोसबाडच्या टेकडीवरच थांबले नाही, असे म्हणता येईल.